अर्धा लिटर तेजाब, बिलासकट

८ सप्टेंबर, सोमवार

आजपासून मी शांत राहणार आहे. हे मुद्दाम लिहून ठेवते, म्हणजे नंतर बदलता येणार नाही.

मोठी गोष्ट घडली. पप्पांनी दुकानातला वर्षभराचा केर मला दिला. दर वर्षी हा केर लडकूकाका झारेकरी पोत्यात भरून नेतात, त्यात सांडलेला सोन्याचा कीस काढतात, आपला वाटा ठेवून बाकीचं आणून देतात. या वर्षी मी म्हटलं, मीच काढते. पप्पा बराच वेळ कानस चालवत राहिले. मग म्हणाले, काढ. दसऱ्यापर्यंत शुद्ध सोनं हातावर ठेवलंस तर हा बाक तुझा. नाहीतर गाळा मोबाईलच्या कव्हरवाल्याला देऊन मी मोकळा.

पप्पांना आता बारीक काम दिसत नाही. कव्हरवाला दोनदा येऊन टेपने भिंती मोजून गेलाय. दुसऱ्या वेळी बाकसुद्धा मोजला.

मी शाळेत पाढे शिकायच्या आधी या बाकाशेजारी बसून गुंजा मोजायला शिकले. काम मला येतं. अडलंय फक्त नायट्रिक ॲसिडवर, म्हणजे पप्पांचं तेजाब. ते बाकीचे धातू खातं, सोन्याला हात लावत नाही. अर्धा लिटर पुरे. गल्लीगल्लीत डाईंग असलेल्या भिवंडीत अर्धा लिटर ॲसिड मिळायला कितीसा वेळ लागणार. दोन दिवस धरते.

९ सप्टेंबर, मंगळवार

काल्हेरला केमिकलच्या गोदामात गेले. शेठने विचारलं, कितना टन. मी म्हटलं, अर्धा लिटर. त्याने आतल्या माणसाला हाक मारून मला दाखवलं.

पस्तीस लिटरच्या कॅनपेक्षा लहान माल नाही. उरलेल्या साडेचौतीस लिटरचं काय करू, असं विचारलं. शेठ म्हणाला, रख लो मॅडम, खराब नहीं होता. मी म्हटलं, पण आम्ही होऊ.

फॉर्म मात्र छान होता. वापराचं कारण, साठवण्याची जागा, जबाबदार व्यक्ती. माल घ्यायचा नव्हता तरी पूर्ण भरून दिला. शेठने तो मलाच परत केला, घर पे रखो म्हणाला.

दिवस वाया गेला नाही. दुपारी केर निवडायला घेतला. पप्पा पैंजण-जोडव्यांचंही काम करतात, त्यामुळे त्यात चांदीचा कीस भरपूर मिसळलेला. भिंग लावून चिमट्याने चांदी वेगळी काढायची ठरवलं. शुद्ध काम करायचं तर पहिल्या कणापासून शुद्ध.

११ सप्टेंबर, गुरुवार

तेजाब मिळालं. घेतलं नाही.

समोरचे कुमारशेठ, तेही सोनारच, म्हणाले, अगं माझ्याकडे आहे की, ने फुकट. आणि आतून आंब्याच्या कोल्ड्रिंकची बाटली काढली. बाटलीवर आंब्याचं चित्र. मी म्हटलं, लेबल कुठंय. ते म्हणाले, चित्र आंब्याचं असलं तरी आत तेजाबच आहे, काळजी करू नकोस. मी म्हटलं, नेमकी तीच काळजी आहे.

उद्या कुणाला तहान लागली तर? शिवाय बिल नाही. पप्पांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, बरोबर केलंस. पण असं म्हणाले की बरोबर केल्यासारखं वाटलं नाही.

भीतीचा इथे संबंध नाही. तत्त्वाचा आहे.

१३ सप्टेंबर, शनिवार

चुलतभाऊ भावेश दापोड्याच्या गोदामात सुपरवायझर आहे. फोन केला. म्हणाला, आमच्याकडे एक कॅन जरा गळतोय, कंपनी फेकायलाच निघालीय, लिटरभर काढून आणतो. मी म्हटलं, ही चोरी. तो म्हणाला, फेकलेल्याची कसली चोरी. मी म्हटलं, मग कंपनीच्या लेटरहेडवर तसं लिहून आण, शिक्क्यासह.

तेव्हापासून त्याचा फोन बिझी लागतोय. सुपरवायझरला कामं असतात.

चांदी निवडून अर्धी झाली. मान दुखते. चांदीची पुडी वेगळी, सोन्याची वेगळी, दोन्हींवर तारीख आणि सही.

१५ सप्टेंबर, सोमवार

धाकट्या दिपालीने जेवताना सगळ्यांसमोर सांगितलं की ताईला तेजाब नकोच आहे, ताई टरकते. आईने तिला गप्प केलं नाही. आमटी वाढत राहिली.

उत्तर म्हणून मी दुपारी तीन जोड ग्लोव्हज, गॉगल आणि जाड एप्रन आणला. घाबरणारी माणसं तयारी करत नाहीत, पळून जातात. मग दुकानातच पाण्याने तालीम केली. काचेच्या भांड्यात पाणी ओतायचं, एवढंच. ग्लोव्हज जरा मोठे आहेत. पाणी मनगटावर उडालं आणि मी ओरडले. पप्पांच्या हातातून मंगळसूत्राची वाटी सुटली, ती शोधण्यात तास गेला.

तालमीत चुकावं म्हणूनच तालीम असते.

१७ सप्टेंबर, बुधवार

पितृपक्ष. सोनं घ्यायला कुणी फिरकत नाही. फिरकले ते लडकूकाका. आले, स्टूल ओढलं, चहा मागवला. काय गो रीमा, तेजाब भेटला का न्हाय?

मी म्हटलं, दर्जेदार माल शोधतेय. ते म्हणाले, दे मना त्यो केर, चार दिसांत करून देतो. मी म्हटलं, आभारी आहे, पण नको. त्यांची बोटं नखांपर्यंत पिवळी पडलीयत. ग्लोव्हज का नाही वापरत, असं विचारलं. म्हणाले, कातडी हाय ना.

ठराव: लडकूकाकांसारखं कधीही व्हायचं नाही.

जाता जाता त्यांना माझ्या दोन पुड्या दिसल्या. यो कशाला गो निवडलास येगला, असं म्हणाले. मी म्हटलं, शुद्धतेसाठी. त्यांनी पप्पांकडे पाहिलं. पप्पांनी पंख्याकडे पाहिलं.  मला वाटतं, इतकी स्वच्छ निवड त्यांनी पाहिली नव्हती.

२० सप्टेंबर, शनिवार

सोन्याचा कीस मुशीत घालून आटवला. फुंकणी पप्पांनी धरली, बाकी सगळं मी. तुरीच्या डाळीएवढी गोळी निघाली. थोडं तांबं-बिंबं असेल आत, पण रंग बघण्यासारखा.

आटवताना पप्पांनी विचारलं, अजून काही घालायचंय का यात. मी नाही म्हटलं. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं. मी पुन्हा नाही म्हटलं. वय झालं की माणूस तेच तेच विचारतो. डोळ्यांबरोबर विसराळूपणाही आलाय. मी लवकर बाक सांभाळायला हवा.

२३ सप्टेंबर, मंगळवार

सापडलं. ठाण्यात कॉलेजांच्या प्रयोगशाळांना माल देणारं दुकान आहे. अर्धा लिटर, काचेची बाटली, सील, लेबल, बिल. मला हवं होतं तेच.

किंमत मात्र गोदामाच्या भावाच्या सातपट. इतके दिवस मी परवडणारं ॲसिड शोधत होते, पण परवडणं म्हणजे नक्की काय, याचा विचार केला नव्हता. मनःशांतीही हिशोबात धरली तर हे स्वस्त आहे. दिपाली म्हणाली, गोळीतलं सोनं विकून बाटलीचे पैसे तरी निघतील ना. निघतील. बहुतेक.

कुरिअरवाले ॲसिड नेत नाहीत. स्वतः जाणार.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

बाटली घरी पोचली. मीही.

ठाण्याहून शेअर रिक्षा केली. मागे एक बाई, तिची लहान मुलगी आणि मी, पुढे एक काका. रिक्षा सुटायच्या आधी मी सांगितलं की माझ्या पिशवीत ॲसिड आहे, सीलबंद आहे, घाबरायचं कारण नाही, पण शेजारच्याला माहिती असणं हा त्याचा हक्क आहे. बाई मुलीला घेऊन उतरली. काका म्हणाले, मी मागून येतो. रिक्षावाला म्हणाला, अब सबका भाडा तू दे. दिलं.

तो इतका हळू चालवत होता की सायकलवाले आमच्याकडे वळून बघत होते. प्रत्येक गतिरोधकापाशी थांबून विचारायचा, दीदी, ठीक है? मी ठीक है म्हटलं की मगच पुढचं चाक चढवायचा. काल्हेरच्या ट्रकांमध्ये अडकलो तेव्हा त्याने मला त्याच्या बहिणीच्या लग्नाचे फोटो दाखवले, बहुधा शेवटचे म्हणून. धामणकर नाक्याला उतरले तेव्हा त्याने हात जोडले.

अडीच तास लागले. खरं बोलल्याचं समाधान मोठं.

२८ सप्टेंबर, रविवार

सकाळी ११.१०. गच्ची. वारा माझ्याकडून पलीकडे. गॉगल, एप्रन, ग्लोव्हज. ओतलं. हात थरथरला नाही, दोन्ही हात थरथरल्यामुळे तोल बरोबर राहिला. गोळी तळाशी.

११.३०. शांतता. चांगलं ॲसिड आवाज करत नसावं.

१२.१५. जरासा हिरवट रंग आल्यासारखा वाटतो. गॉगल हिरवा आहे.

१.००. आईने जेवायला बोलावलं. नाही गेले. अशा वेळी जागा सोडायची नसते.

१.२०. दिपाली डोकावून म्हणाली, गोळी आहे तशीच आहे की. मी म्हटलं, आतून विरघळत असणार.

२.१०. पप्पा जिना चढून आले. लांबूनच विचारलं, चांदी किती घातलीस. मी अभिमानाने म्हटलं, एक कणही नाही, सगळी काढलीय. पप्पा टाकीच्या कट्ट्यावर बसले.

मग सांगितलं. गोळीत सोनं जास्त असलं की तेजाबाला आत शिरायला वाटच मिळत नाही. आधी त्यात चांदी मिसळून सोनं पातळ करायचं. मग तेजाब चांदी खात खात आत जातं, बाकीची भेसळ नेतं, सोनं मागे राहतं. मी चार दुपारी मान मोडून नेमकी ती वाट बुजवली होती.

मी विचारलं, मग तुम्ही बोलला का नाहीत. म्हणाले, दोनदा विचारलं ना तुला. आणि तू अख्ख्या भिवंडीला विचारत फिरलीस, लेबल आहे का, बिल आहे का. घरात एकदा तरी विचारलंस का की हे करतात कसं?

मला वाटलं होतं, मला माहीत आहे. या घरात वाढले म्हणून. पण आमच्या घरात हे काम कधी झालंच नाही. ते दर वर्षी पोत्यात भरून बाहेर गेलं.

पप्पा म्हणाले, मलाही ऐकूनच माहीत. हात लडकूचा.

३० सप्टेंबर, मंगळवार

लडकूकाका काल येऊन गोळी, चांदीची पुडी आणि माझी बाटली घेऊन गेले. बाटली उन्हाला धरून म्हणाले, झक्कास हाय गो, आमच्या बापजाद्यांनी असला तेजाब बघलाबी नसंल. चांदीची पुडी पाहून म्हणाले, निवडून ठेवलास ता बरा केलास, आयती झाली.

म्हणजे माझी मेहनत फुकट गेली नाही. हे नोंदवून ठेवते.

आज मणी आणून दिला. मुगाएवढा, मऊ, पिवळाधमक. पप्पांनी तो माझ्या हातावर ठेवला नाही. स्वतःच्याच हातावर ठेवून बघत बसले.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

कव्हरवाला सकाळीच आपट्याची पानं घेऊन आला. सोबत सुतार. पप्पांनी पानं घेतली, सोन्यासारखं राहा म्हणाले, आणि सांगितलं की गाळा एक वर्ष देत नाही. सुतार बाकाकडे बघत परत गेला.

मला भरून आलं. म्हटलं, पप्पा, तुम्ही पस्तावणार नाही. ते म्हणाले, बाक दिला नाहीये अजून. वर्षभर लडकूकडे जायचं, तो म्हणेल ते शिकायचं, पुढच्या दसऱ्याला बघू.

लडकूकाका जिलेबी खात होते. मी विचारलं, तेजाबाचं काम कोणत्या महिन्यात सुरू होईल. म्हणाले, तेजाबाचा नंतर बघू गो. आधी सराफगल्लीची गटारा, सोन्याचा कीस वाहून येतो त्यान. सकाली सा वाजता, दुकाना उघडायच्या आधी. हातमोजे घालून ये पायजे तर.

मग हत्यारांची पूजा झाली. पाटावर कानस, चिमटा, फुंकणी, मूस. पप्पांनी एकेकाला हळदकुंकू लावलं. शेवटी दाराआडून एक नवा खराटा आणला, पाटाच्या कडेला ठेवला आणि त्यालाही बोट लावलं. हे तुझं, म्हणाले. दिपालीने फोटो काढला.

संध्याकाळी गच्चीवर झाडून पाहिलं. उजव्या हाताने जमलं, डाव्या हाताने अजून नाही. अलार्म सव्वापाचचा लावला आहे.