आईच्या घशाखाली न उतरलेला अर्क

प्रिय दादा,

तुला पक्षाघात झाल्याचं कळलं आणि, खोटं कशाला सांगू, त्या दिवशी मला चहा गोड लागला. उजवा हात उचलवत नाही, शब्द फुटत नाही, वाचायला घेतलं तर अक्षरं लागत नाहीत, असं वहिनी फोनवर म्हणाली. तोंड वाकडं होतंय हे जाणवताच तू खुणा करकरून तिला अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायला लावलीस म्हणे. शहाणा आहेस. कपाटात तुझ्याच अर्काच्या बाटल्या होत्या, त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाहीस.

त्या अर्काचं मला केवढं कौतुक होतं! प्रयोगशाळेतून यायचास तो पाल्याचा कडवट वास अंगावर घेऊनच. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला तरी पेशी वाचवील अशी वनस्पती सापडली, उंदरांच्या मेंदूला इजा कमी झाली, हे सांगताना तू स्वयंपाकघरात नाचला होतास. आई शेजाऱ्यापाजाऱ्यांना धरून धरून सांगायची. उंदराला लागू पडलं ते माणसाला पडेलच असं नाही, हेही तूच मला शिकवलंस. मग अर्क विकायला तुझी कंपनी निघाली, आणि ते वाक्य तू गिळून टाकलंस.

आईचं तोंड वाकडं झालं तेव्हा तू मला फोन केलास. मी ओरडले होते, "दादा, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटल गाठ! तोंडात काही घालू नकोस, तिला गिळता येणार नाही." वाचा गेलेल्यांना बोलतं करणं हेच माझं काम, मला कळत होतं. तू म्हणालास, "ठमे, औषध घरात असताना धावपळ कशाला?" आणि चमच्याने अर्क पाजलास. ठसका लागला तो थांबलाच नाही. मग हॉस्पिटलात नेलीस ती नावापुरती; आई गेलीच.

वर चार माणसांत सांगितलंस, ठमीच म्हणाली, हॉस्पिटलची घाई नको, थांब. माझ्यापेक्षा तुझा आवाज मोठा. वहिनीने तेव्हापासून मला दारात उभं केलं नाही.

आता तीच रडत म्हणते, झालं गेलं विसर, ह्यांना बोलतं कर. येईन मी. सोमवारपासून रोज येईन आणि काम चोख करीन. तू बोलायलाच हवास, तुला पुष्कळ उत्तरं द्यायची आहेत.

फोनवर हे सांगितलं असतं तर तिने मध्येच ठेवून दिला असता. म्हणून पत्र. तुला वाचता येत नाही, तेव्हा ती तुझ्या उशाशी बसून मोठ्याने वाचत असेल. वहिनी, आता मान वर कर आणि त्याच्याकडे बघ. ह्यातलं काही खोटं असेल तर त्याने नुसती मान हलवावी. तेवढं त्याला जमतं, डॉक्टरांना विचारलंय मी.

तुझीच,
ठमी