फाइलमधलं शून्य आणि हिरवं पाकीट

क्वान-थिंग,

व्हिडिओ साठवायची पेटी जागेवर दिसणार नाही. मी ती घेऊन दुरुस्तीवाल्याकडे चाललेय. तिथून परस्पर ताइनानला, आईकडे. फोन करू नकोस.

"सेटिंगचा पडदा बावळटांसाठी असतो गं, जाणकार माणूस थेट पेटीतली सेटिंगची फाइल उघडतो," असं काल माझ्या भावासमोर छाती फुगवून म्हणालास ना? उघडलीस. 'व्हिडिओ किती दिवस ठेवायचे' या ओळीपुढे शून्य लिहिलंस. तुला वाटलं, शून्य म्हणजे कायमचे. पेटीला वाटलं, एकही नको. माझे बाबा गेलेच होते, आता त्या व्हिडिओंमधला त्यांचा आवाजही गेला. पडद्यावर तेच केलं असतंस तर त्याने आधी विचारलं असतं, "नक्की पुसू का?" फाइल विचारत नाही. विचारून करायची सवय तुलाही कधी नव्हती. छान जोडी जमली तुमची.

आणि वर मलाच ऐकवतोस, "माझी काय चूक? यंत्र रुसू नये म्हणून सगळं तैवान ठेवतं तसं कुरकुऱ्यांचं भरलेलं हिरवं पाकीट ठेवलंय की त्याच्यावर!" पेटी उचलताना ते पाकीट हाताला लागलं. पिसासारखं हलकं. आतले नारळाचे कुरकुरे केव्हाच फस्त करून तू त्यात टिश्यू कोंबलेत आणि वर चिकटपट्टी लावलीस.

भात कुकरमध्ये आहे. बटण पुढच्या बाजूला आहे, जाणकार माणसा. मागचा पत्रा उघडू नकोस.

पेइ-रू