तिला थांबवणारे सात अल्बम

सोमवार, ३ तारीख. चहाआधी.
आजपासून सुरुवात. चष्मेवाली पंचवीस तारखेला चालली. (चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढते म्हणून चष्मेवाली. तिला स्वतःला चष्मा नाही.) तिच्या मालकाने दुसऱ्या शहरात नवं दुकान काढलंय, ते ती सांभाळणार. ही बातमी ताईने मला भांडी विसळता विसळता दिली. आज नळाला पाणी नाही, असं सांगावं तशी.

जाऊ द्यायचं नाही. आमचं तुटलं तो निव्वळ गैरसमज होता. मी दोन दिवसांसाठी मित्राकडे गेलो आणि पाच आठवड्यांनी आलो. यात गैर समजण्यासारखं काय आहे?

प्लॅन: आमच्या तीन वर्षांचे सात अल्बम. प्रत्येकाची आठवण माझ्या आवाजात रेकॉर्ड करायची, मागे गाणं, आणि रोज एक पाठवायची. तिसऱ्या दिवशी ती रडेल. पाचव्या दिवशी फोन. सातव्या दिवशी जाणं रद्द. म्हणजे दहा तारखेपर्यंत विषय संपतो. पुढचे पंधरा दिवस काय करायचं ते बघू.

मंगळवार, ४
क्रम ठरत नाही. पहिल्या भेटीपासून सुरू करावं की सगळ्यात रडक्या अल्बमपासून? सगळी कव्हरं हॉलमध्ये जमिनीवर मांडून दिवसभर फिरवली. भाऊजी कामावरून आले ते थेट एका कव्हरवर पाय देऊन गेले. म्हणाले, पेंटच्या दुकानात तुझ्यासाठी शब्द टाकलाय, गुरुवारी जाऊन भेट. मी म्हणालो, हा आठवडा बिझी आहे. कशात, म्हणाले. मी जमिनीकडे बोट दाखवलं. ते ताईला म्हणाले की तुझा भाऊ सोफ्यावर झोपतो तिथवर ठीक होतं, आता जमीनपण गेली.

माणसाला संगीताचं अंग नसलं की असं होतं.

गुरुवार, ६
पेंटच्या दुकानात गेलो नाही. कलेला वेळ द्यावा लागतो.

पहिला अल्बम: रिकामा तलाव. खरं नाव परक्या भाषेत आहे, मला उच्चारता येत नाही. कव्हरवर पोहायचा तलाव आहे, त्यात पाणी नाही. आठवण: बसची शेवटची सीट. ती दुकानातून घरी निघालेली, मी असाच निघालेलो. एक इयरफोन दोघांत. उजवा मला, डावा तिला. ती डोळे मिटून बसायची. एक अक्षर नाही. इतकं मनापासून ऐकणारं माणूस मी जन्मात पाहिलं नाही.

रेकॉर्डिंगचा पहिला टेक: शेजाऱ्यांची पाण्याची मोटर. दुसरा टेक: ताईचा मिक्सर. तिसऱ्यात मिक्सर बंद कर म्हणून मीच ओरडलो, तेच आलं. शेवटी भाऊजींच्या कपाटात शिरून दार ओढून घेतलं. काय आवाज आला! चौथ्या मिनिटाला कपडे टांगायचा दांडा तुटला. तसंच पाठवलं. दांडा मोडतो तिथे गाण्यातही नेमका ढोल आहे, कळत नाही.

संध्याकाळी उत्तर आलं. अंगठा. नुसता अंगठा. भावना अनावर झाल्या की माणसाला शब्द सुचत नाहीत.

रविवार, ९
दोन दिवस दांडा बसवण्यात गेले. बसला नाही.

दुसरा अल्बम: पाठमोरा घोडा. आठवण: तिच्या बाबांचं ऑपरेशन, दवाखान्यातला लांबलचक पॅसेज, स्टीलचा गार बाक. बाबा बाहेर येईपर्यंत मी तिच्या शेजारून हललो नाही. घोडा ऐकत बसलो होतो आम्ही.

या वेळी उत्तर लांब आलं. की तू चार्जर आणायला म्हणून खाली गेलास तो दुसऱ्या दिवशी दुपारी उगवलास, शेजारी तुझी ताई बसली होती.

ताईला विचारलं. ती म्हणाली, हो रे, मीच होते, तुझ्यासाठी केळी ठेवली होती तीपण शेवटी मीच खाल्ली.

तपशिलात थोडं इकडचं तिकडे झालं असेल. भाव खरा आहे. आणि चार्जर मिळाला होता, हे कुणीच लक्षात घेत नाही.

शुक्रवार, १४
तिसरा अल्बम फक्त कॅसेटवर. टेप बंद. टेप दुरुस्तीवाल्या काकांकडे गेलो तर म्हणाले, पट्टा गेलाय, शोधावा लागेल. त्यांच्याकडे खोकाभर पट्टे, सगळे एकमेकांत गुंतलेले. म्हटलं, आपण सोडवून देऊ. चार दिवस सोडवले. लहान, मध्यम, मोठे असे वेगळे केले. मग सोल्डरिंग शिकलो. तिथल्या पंख्याचं बटण दुरुस्त केलं. आता पंखा बंद होत नाही. काका म्हणाले, पोरा, हात चांगला आहे तुझा, डोकं कुठे ठेवून येतोस?

घरी येताना लक्षात आलं, आपला टेप तिथेच राहिला.

भाऊजींनी विचारलं, झाले का सात? म्हटलं दोन झाले. म्हणाले, नमनालाच घडाभर तेल. मी पाणी भरायला उठलो. दांड्याचा विषय निघाला असता.

सोमवार, १७
सातचे पाच केले. उगाच भरती नको. दुपारी पाचाचे तीन केले. म्हणजे फक्त एक उरला. असं बघितलं तर काम जवळजवळ पूर्ण झालंय.

मंगळवार, १८
तिसऱ्याच्या तयारीसाठी पहिला पुन्हा ऐकायला घेतला. एकटाच होतो म्हणून दोन्ही इयरफोन घातले. डावा बंद! हलवला, फुंकला, वायर वाकवून पाहिली. काही नाही.

लगेच सुचलं. अल्बम-बिल्बम जाऊ दे, खरी गोष्ट ही आहे. तिला लिहिलं: तू गेलीस आणि डावी बाजू मुकी झाली. वाचून मलाच काटा आला.

उत्तर पाच मिनिटांत. इतक्या लवकर तिने कधी लिहिलं नाही. म्हणे, ती पहिल्यापासून मुकी आहे. पहिल्या दिवशीच सांगितलं होतं तुला, ऐकू येत नाही म्हणून. तू म्हणालास, शू, आता भारी जागा येतेय.

असं मी म्हणेन? म्हणेनही. ती जागा भारीच आहे.

बुधवार, १९
झोप नाही. सरळ दुकानात गेलो. एक आजोबा तक्त्यावरची अक्षरं वाचत होते, चुकत होते, आणि ती त्यांना हळूच पुढचं अक्षर सांगत होती. ते निघून गेल्यावर मी विचारलं, तीन वर्षं काय ऐकत होतीस मग?

काही नाही, म्हणाली. बसचा आवाज ऐकायचे. तू बेसूर गुणगुणायचास ते. घरी आईचा टीव्ही, दुकानात गिऱ्हाईक, तेवढाच वेळ शांत मिळायचा. कधीकधी झोप लागायची. बरं वाटायचं रे.

मी म्हणालो, म्हणजे तू मला फसवलंस. ती हसली. म्हणाली, शनिवारी पाचला ये. दुकान बंद असतं, स्पीकर चांगले आहेत. तुझं ते तलावाचं एकदा ऐकव तरी, आणि मला माझं एक तुला ऐकवायचंय. काही बोलायचं असेल तर तेही बोल.

जिंकलो! ताईला सांगितलं. ताई म्हणाली, आता तरी वेंधळेपणा करू नकोस, जे सांगायचं ते तोंडाने सांग. भाऊजी म्हणाले, सोमवारी पेंटचं दुकान, शेवटची संधी. त्यांना वाटतं अशा वेळी माणूस पेंटचा विचार करतो.

शनिवार, २२. दुकानातून आल्यावर.
पाचला पोचायचं होतं. टेपवाल्या काकांच्या दारावरून जात होतो, म्हटलं टेप उचलावा. त्यांचा पंखा अजून चालूच होता. तो बंद करून सव्वासहाला पोचलो.

ती चिडली नाही. अर्धं शटर वर ठेवून वाट बघत होती. तलाव लावला. गाणं सुरू झालं, मी थांबवलं. आधी समजावून सांगितलं की सुरुवातीला जो खरखर आवाज येतो तो मुद्दाम आहे. पुन्हा लावलं. पुन्हा थांबवलं, कारण दुसरं कडवं आधीच्या अल्बमशिवाय समजत नाही. तो लावला. भारी जागा येण्याआधी सांगितलं, बघ आता येतेय. आली तेव्हा मी बोलतच होतो, सगळं पुन्हा पहिल्यापासून घेतलं. एक गाणं काही पूर्ण झालं नाही. पण समज पूर्ण झाली असेल.

मग ती म्हणाली, आता माझं. दोनच गाणी आहेत, बस. तिने लावलं आणि खुर्ची माझ्याजवळ ओढली. पण उजव्या स्पीकरला घूं असा आवाज. माणसाने तरी किती सहन करायचं? मी काउंटरमागे वाकलो. वायर सैल. चष्म्याचे स्क्रू पिळायचा बारका पेचकस होता, त्याने घट्ट केली. बाहेर आलो तेव्हा गाणी संपली होती.

कसं वाटलं, म्हणाली. म्हटलं, घूं गेली, आता क्लिअर आहे.

तिने स्पीकर बंद केला. मग विचारलं, अजून काही सांगायचंय? मी विचार केला. म्हटलं, बेस थोडा कमी ठेवत जा. तिने दिवा बंद केला, शटर ओढायला मी हात लावला.

एकूण भेट छान झाली.

सोमवार, २४
पेंटचं दुकान. डबा हलवायच्या मशीनचं झाकण नीट लावायचं असतं. हे आधी सांगायला हवं होतं. मालकांनी घरी पाठवलं नाही, पण आंघोळ करायला पाठवलं.

मंगळवार, २५
गाडी दुपारची होती. पेंटच्या मालकांनी तासाभरासाठी सोडलं नाही, मीही फार धरून बसलो नाही. म्हटलं, ती कुठे जाणारे! तीन वाजता तिचा मेसेज: निघाले. ताईंना सांग.

म्हणजे काय? तीन आठवडे घासलो. कपाटात शिरलो. आवाज बसला. स्पीकर दुरुस्त करून दिला, तोही फुकट. आणि ही सरळ निघाली!

संध्याकाळी ताईसमोर सगळं ओकलो. ताई पोळपाट बाजूला ठेवून ऐकत होती. भाऊजीही दारात येऊन उभे राहिले, हे विशेष. मग ताईने विचारलं, पण तू थांब म्हणालास तेव्हा ती काय म्हणाली?

मी म्हटलं, असं सरळ म्हणायचं असतं होय? सगळं त्या रेकॉर्डिंगमध्ये होतं की.

ताई म्हणाली, कुठे होतं?

जेवणानंतर दोन्ही रेकॉर्डिंग लावून ऐकली. पहिल्यांदा शेवटपर्यंत, मध्ये न थांबवता. तलाव आहे, घोडा आहे, मोटर आहे, दांडा आहे. मी तर भरपूरच आहे.

‘थांब’ तेवढं नाही.