पुढची सीट

अहो कारागीर,

प्रदर्शनाच्या हॉलवर टेबल मांडायला निघताना बजावून गेलात, "मॉडेलला हात लावू नकोस, आतला गोंद अजून ओला आहे." मी कशाला हात लावतेय? नुसती तुमचं भिंग डोळ्याला लावून बसले.

आपली विकलेली गाडी तळहाताएवढी, पण हुबेहूब केलीत हो! मागच्या दारावरचा ओरखडा, आरशाला टांगलेला माझा लाल गोंडासुद्धा. "जे डोळ्यांनी पाहिलं नाही, ते मी बनवत नाही," असं चारचौघांत छाती फुगवून सांगता ना? मग तुमच्या शेजारची सीट अशी पार मागे सरकवलेली कधी पाहिलीत?

माझे पाय खाली टेकत नाहीत. मी ती कायम पुढे ओढून बसायचे, म्हणून तर मला 'बुटकी' म्हणायचात. तुम्ही एकटे गाडी घेऊन गेलात, की परत येताना ती मागे गेलेली असायची. "गाडी धुणाऱ्याने सरकवली असेल," म्हणायचात. त्या बिचाऱ्याला मी इतकं फैलावर घेतलं, की तो काम सोडून गेला.

तोंडाने थापा छान मारल्यात. हातांना तेवढं जमलं नाही.

हे पत्र तुम्हाला देणार नाही. गाडी देईन. काही मोडलेलं नाही, फक्त तुमच्याच चिमट्याने ती सीट उपटून काढली आहे. परीक्षकांनी विचारलं, तर तिथे कोण बसायचं ते तुम्हीच सांगा.

— बुटकी