पैलवानाचं दूध बंद झालं, त्याची हकिकत

उचगाव, सोमवार

दाजींच्या चरणी उचगावच्या मेहुण्याचा दंडवत. इकडं आई, आमच्या सौ. संयोगिता, चारही म्हशी आणि तुमचा कुत्रा खुशाल आहेत. (कुत्रा शेवटी का लिहिला, ते पुढं कळेल.) तुमची शुगर कशी आहे? ताईचे गुडघे काय म्हणतात? फोनच केला असता, पण आमच्या घरात फोनवर बोललेलं गल्लीला ऐकू जातं.

फ्लॅटचं काम निघालं म्हणून तुम्ही कुकीला इथं ठेवून गेलात, तेव्हा अनुजानं बजावलं होतं की मामा, याला दूध द्यायचं नाही. मी मान डोलावली. पण दाजी, ज्या घरात पाहुण्यानं पाणी मागितलं तरी दूध येतं, त्या घरानं हे ऐकून घ्यायचं म्हणजे काय? आमच्या आजोबांनी खासबागेत कुस्त्या मारल्या त्या याच दुधावर. आजही आई तिन्हीसांजेला माझ्यापुढं लोटाभर धारोष्ण दूध ठेवते आणि मी पहिला घोट घेईपर्यंत हलत नाही. (पहिलाच. ध्यानात ठेवा.) शिवाय कुकी अशी हाक गल्लीत मारायला जमेना, म्हणून मी त्याचं नाव पैलवान ठेवलं. पैलवान म्हटल्यावर दूध आलंच.

तसं त्याचं दूध सुरू झालं. पोट गुडगुडायला लागलं, ती मी अंगात ताकद भरत असल्याची खूण समजलो. शनिवारी त्याला स्कूटरवर पुढं बसवून ऐटीत गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर नेलं. तिथं म्हैस समोर पिळून फेसाळ पेला हातात देतात, हे तुम्हाला लग्नानंतर दाखवलंच होतं. (तुम्ही अर्धा टाकलात, तेही आम्ही विसरलेलो नाही.) पिराजी गवळी म्हणाला, कुत्रं लई वाळलंय. झालं, माझ्या मानाचा प्रश्न आला. पैलवानानं पेला एका दमात रिकामा केला, कट्ट्यानं वाहवा केली आणि माझ्या शर्टाचं बटण तुटलं. (या पत्रात अतिशयोक्ती असेल तर एवढीच.) परतीच्या वाटेवर, सिग्नलला, त्यानं माझ्या नव्या कापशी चपलांवर सगळं परत केलं. दोन्ही बाजूंनी. मागच्यांनी हॉर्न वाजवायचे थांबवले, यावरून समजा.

घरी येऊन तो गोठ्याच्या कोपऱ्यात मान टाकून पडला. हाक मारली तरी शेपूट हलेना. तेव्हा मात्र मी घाबरलो, दाजी. अनुजाला तोंड कसं दाखवू, एवढंच डोक्यात. तसाच उचलून जनावरांच्या डॉक्टर अपूर्वाकडं नेला. तिनं सांगितलं की पिल्लाला आईचं दूध पचतं, पण मोठ्या कुत्र्यांतल्या बऱ्याच जणांना दुधातली साखर पचत नाही. त्यात म्हशीचं दूध म्हणजे चरबीही फार. मलई, पेढे, बासुंदी तर नावालाही नको. चमचाभर दही किंवा बिनमिठाचं पातळ ताक एखाद्याला सोसतं. मी म्हटलं, आमच्या दुधात खोट नाही. सलाईन लावता लावता ती म्हणाली, "काका, दूध चांगलंच हाय. पोट कुत्र्याचं हाय की." मी सलाईनची बाटली धरून उभा राहिलो, हे तालमीत सांगू नका.

आज तो ठणठणीत आहे. म्हशींच्या पुढं असा चालतो, जणू त्यानंच विकत घेतल्यात. आमच्या ताकानं बरा झाला, असं मी गावभर सांगितलंय. दूध नाही तर ताक, म्हशी आमच्याच.

अनुजाला आशीर्वाद, ताईला नमस्कार.

तुमचा
हंबीरराव

ता. क. दुधातली साखर आधीच मोडलेलं दूध खोक्यात मिळतं म्हणे. पैलवानासाठी दोन खोकी पाठवा. पार्सलवर 'कुत्र्याचं खाणं' असं ठळक लिहा. चार म्हशींच्या दारात खोक्यातलं दूध आलेलं दिसलं, तर मला गाव सोडावं लागेल.

पुन्हा ता. क. पैलवान ते पिणार नाही. आईची पाठ वळली की माझा लोटा त्याच्यापुढं सरकायचा, तेच त्याचं दूध. तालीम सुटल्यापासून मलाही पचत नाही. हे फक्त तुम्हाला आणि कुत्र्याला ठाऊक.

शेवटचं. मला लिहिताना पुटपुटायची खोड आहे, आणि आई मागंच उभी होती. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग संयोगिता आत आहे ना, ते बघून हळूच म्हणाली, "दोन न्हाय, चार मागीव. मला तरी कुठं पचतंय रं."