दारातली नावे भिंतीवर

मी, शशी शमुवेल भिंगारदिवे, वय अठ्ठ्याहत्तर, मूळची अहमदनगरकडची, आता ब्रिस्टलची रहिवासी, निवृत्त नर्स, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने मराठीत लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसे लिहून दिले आहे. कोणी भरीस घातलेले नाही, उलट सगळे ‘राहू दे’ म्हणत असताना लिहिते आहे. सॉलिसिटरबाईंनी याचे इंग्रजी करून घ्यावे, पण माझे टोमणे गाळू नयेत. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर मुलगा समर व मुलगी नीना यांना निम्मे निम्मे. समर बेसिंगस्टोकला, नीना पिनरला. इथे राहायला कोणी येणार नाही हे मला ठाऊक आहे. विका. मात्र विकण्याआधी एकदा दोघे इथे एकत्र जेवा. बाबा गेल्यापासून तुम्ही एका वेळी घरात आलेला नाहीत, याचे मला फार वाईट वाटते.

२. बँकेतील शिल्लक नातवंडे दिया व कुश यांना. ह्यांची विमानाच्या कारखान्यातली हत्यारे कुशला. त्याला त्यातले काय कळते, असे समर म्हणतो. शिकेल. पाटा-वरवंटा दियाला. ती त्यावर कुंडी ठेवणार, ठेवू दे.

३. आता चॅपल. ओल्ड वेल लेनचे आमचे चॅपल बांधणाऱ्या पहिल्या मंडळीत साखरेचे व्यापारी होते. वेस्ट इंडीजमधल्या त्यांच्या मळ्यांवर माणसे गुलाम म्हणून राबली, विकली गेली, मेली. मंडळीने त्या गुलामांचे स्मारक करायचे ठरवले तेव्हा मी बाकावर बसून रडले. फिबी, कॅटो, जुबा, ‘जेनची मुलगी’, अशी मिळाली तेवढी नावे काळ्या दगडात कोरली. खाली लिहिले, ‘आणि ज्यांची नावेही आम्ही जपली नाहीत’. इथवर सगळे चांगले झाले.

जागा ठरवायच्या बैठकीला मी नव्हते, कंबरेच्या ऑपरेशनसाठी हॉस्पिटलात होते. बरी होऊन आले तर दगड दारात, जमिनीत बसवलेला. आत जाणाऱ्या प्रत्येकाचा पाय नावांवर. स्मारक समितीचे अध्यक्ष कीथ म्हणाले, “शशी, आमच्याकडे हा मान असतो. राजेसुद्धा चर्चच्या फरशीखाली आहेत.” असतील. पण साखरवाल्यांच्या संगमरवरी पाट्या भिंतीवर आहेत, त्यांचे काय? तर म्हणे, भिंत भरली. शिवाय तो दगड ओला झाला की घसरतो, म्हणून पावसाच्या रविवारी त्यावर काथ्याचे पायपुसणे अंथरतात. ब्रिस्टलमध्ये कोरडे रविवार असतात तरी किती?

आपल्यात पुस्तकाला चुकून पाय लागला तरी आपण हात लावून नमस्कार करतो. बाप्तिस्मा घेऊन पिढ्या झाल्या, ते काही गेले नाही. माझ्या आजोबांना गावात चावडी चढू देत नसत. ‘पायरीने राहा’ ऐकत ते म्हातारे झाले. मला तो दगड तुडवणे जमत नाही. तेव्हापासून मी चॅपलच्या मागच्या स्वयंपाकघराच्या दाराने आत जाते. लोकांना वाटते, कंबरेमुळे.

४. कीथ यांना माझ्या घरचे पायपुसणे देते. त्यांनी ते चॅपलमध्ये आणू नये. माणूस वाईट नाही, ऐकत मात्र नाही.

५. चॅपलमध्ये खिडकीशेजारी भिंतीवर ह्यांची पितळी पाटी आहे. हे तिथे डीकन, म्हणजे मंडळीचे कारभारी, होते, तो मान त्यांनी कष्टाने मिळवला. पाटीवर खाली माझ्या नावापुरती जागा सोडलेली आहे. ती पाटी काढावी आणि तिथे स्मारकाचा दगड लावावा. दारात जो खड्डा राहील त्यात तेवढ्याच मापाचा दगड बसवून त्यावर आम्हा दोघांची नावे कोरावीत. पाऊस असेल तेव्हा पायपुसणे खुशाल अंथरावे. ह्यांना विचारायची सोय आता नाही. पण सभेत कोणी उभे दिसले की हे आपली खुर्ची सोडत, एवढ्यावरून मी ठरवले.

डीकन मंडळींनी हे मान्य केले आहे. कुटुंबाची सही तेवढी हवी. पाटी उतरेपर्यंत मी हयात नसले, तर माझी शवपेटी स्वयंपाकघराच्या दारानेच आत न्यावी.

६. व्यवस्थापक म्हणून समरला नेमते. दगडाबद्दल मी तक्रार केली तेव्हा तो म्हणाला होता, “आई, ओव्हररिअ‍ॅक्ट करू नकोस. इट्स अ मार्क ऑफ रिस्पेक्ट.” पाचवे कलम त्याला फोनवर वाचून दाखवले, तेव्हा म्हणाला, “बाबांचं नाव फ्लोअरवर? नो वे, आई. लोक शूज पुसतील.”

नीनाला सांगितले तर ती उद्याच सही करील. म्हणून तिला सांगत नाही. समर, बाबांच्या नावावर कोणाचा पाय पडलेला बघून तुझ्या पोटात जे तुटेल, ते तुटायला फिबीचे आणि जुबाचे इथे कोणी उरलेले नाही. ही सही तूच करायची आहेस.

वाचून, समजून, साक्षीदारांच्या देखत सही केली.

शशी शमुवेल भिंगारदिवे

साक्षीदार (दोघे शेजारी; या मृत्युपत्रातून आम्हांला काहीही मिळत नाही):
१. मिलिंद रानडे
२. चैत्राली रानडे

ब्रिस्टल, १४ नोव्हेंबर २०२४