एकटीचा फोटो

४ मार्च, मंगळवार
लायब्ररीत फोटोग्राफीचा क्लास सुरू. मेअखेरपर्यंत दर मंगळवारी. फॉर्म हुहानाने परस्पर भरला होता. म्हणाली, एकतीस वर्षं स्कूल बस चालवलीस, आता दिवसभर माझ्या पायात येतोस. खरं कारण मी ओळखलं. बायकोला माझ्यातला कलावंत दिसला, लग्नाला बावन्न वर्षं झाल्यावर का होईना.
शिकवणारी ब्रॉनवेन, पाकेहा म्हणजे गोरी, चाळिशीची पोरगी. म्हणाली, मोबाइल पुरे. मोबाइलवरचा फोटो म्हणजे पाठ न करता पुस्तकात बघून म्हटलेली कविता. फिल्मचाच कॅमेरा घेणार.
संकल्प: रोज एक फोटो. जूनच्या प्रदर्शनात पहिला नंबर.

६ मार्च
चर्चच्या जुन्या सामानाच्या दुकानात कॅमेरा मिळाला. छत्तीस फोटोंचा रोल घातला. हुहानाला विचारलं, पहिला मान कुणाला? म्हणाली, मला. पण एकटीला काढायचं, म्हाताऱ्या. नातवंडं नकोत, माझी बहीण हारिआता नको, तू नको. कडेला तुझं बोटसुद्धा नको.
तिचा एकटीचा फोटो आमच्याकडे नाही, हे खरं. पाच मुलं, चौदा नातवंडं. प्रत्येक फोटोत कुणीतरी कडेवर, कुणी झग्याशी झोंबतंय. या वयातही हौस असते बायकांना. ढग आले म्हणून आज काढला नाही.

११ मार्च
आज एक जगप्रसिद्ध फोटो. देशोधडीला लागलेली आई, हात गालाशी, दोन पोरं तिच्या खांद्यात तोंड लपवून. ब्रॉनवेनने विचारलं, काय दिसतं? मी हात वर केला आणि शाळेतली हिवाळ्याची कविता म्हटली. सगळी कडवी. आमच्या वर्गात बर्फ कुणी पाहिला नव्हता, पण कविता सगळ्यांना तोंडपाठ. वर्ग एकदम शांत. भारावले असावेत. ब्रॉनवेन म्हणाली, छान, आता फोटोबद्दल सांगा.
रोजचा एक फोटो आजपासून नक्की.

२३ मार्च
अकरा फोटो झाले. फेरीबोट पाच, खारफुटी चार, ढग दोन. हुहाना म्हणाली, खारफुटी काय पळून जाणारे? मी म्हटलं, तू तरी कुठे पळून जाणारेस. ती कपडे वाळत घालायला गेली. तारेपर्यंत जाताना दोनदा बसली.
वजन बरंच उतरलंय तिचं. गोड सोडल्याचा परिणाम. गालाची हाडं वर आलीत, पोर्ट्रेटला उत्तम.

८ एप्रिल
आजचा फोटो एका जाड्या पंतप्रधानाचा. क्लिक करण्याआधी फोटोग्राफरने त्याच्या तोंडातली सिगार काढून घेतली म्हणे, म्हणून तो असा वाघासारखा बघतो. याला म्हणतात युक्ती.
घरी आलो. हुहाना चहात बिस्कीट बुडवत होती. मी झडप घालून हिसकावलं. काय चेहरा झाला! बघत राहिलो आणि बटण दाबायचं राहिलं. बिस्कीट कपात पडून विरघळलं. म्हणाली, सकाळपासून तेवढंच पोटात टिकेल असं वाटत होतं रे. दुसरं दिलं. नको म्हणाली.
बिस्किटं बहुतेक शिळी आहेत. दुसरा पुडा आणायचा.

२० एप्रिल, ईस्टर
सगळे मराएत, आमच्या कुळाच्या आवारात, जमलो. जेवणं झाल्यावर हुहाना सभाघरात जाऊन बसली ती उठेचना. मागची भिंत बघत होती. तिचे आईवडील, माझे आईवडील, माझा भाऊ, सगळे गेलेले तिथे फोटोत ओळीने आहेत. जिवंत माणसाचा फोटो त्या भिंतीवर जात नाही. चौकटीत चुकून कुणी जिवंत आलं तरी फोटो उतरवतात, नाहीतर तो माणूसही ओढला जातो.
हुहाना म्हणाली, आईच्या शेजारी जागा आहे बघ. मी म्हटलं, तिथे ओल येते. तिची थोरली बहीण हारिआता म्हणाली, एरु, तू बसमध्ये आरशात तरी बघायचास का रे? बाईला टोमण्याशिवाय चैन पडत नाही.

२९ एप्रिल
धाकटी लेक रोइमाता ऑकलंडहून राहायला आलीय. बिनपगारी रजा, परत कधी जाणार ते सांगत नाही. नवऱ्याशी बिनसलं असणार.
म्हणाली, पपा, मीच काढते ना आईचा, आत्ता, मोबाइलवर. हुहाना म्हणाली, अजिबात नाही. त्याला काढू दे. त्याला हाताला काहीतरी पाहिजे. रोइमाता न्हाणीघरात जाऊन रडली. नवऱ्याचंच प्रकरण. विचारलं नाही, पोरीला अवघड वाटायचं.
क्लास बुडाला. हुहानाला दवाखान्यात नेलं होतं. नेहमीची तपासणी.

१३ मे
शेवटी काढला.
आजचा धडा डोळ्यांतल्या चमकेचा. प्रत्येक थोर पोर्ट्रेटमध्ये डोळ्यांत उजेडाचा एक ठिपका असतो, तो नसला तर चेहरा मेलेला दिसतो, ब्रॉनवेन म्हणाली. मी धावतच घरी. हुहानाला व्हरांड्यात आणलं. रोइमाताने तिला हिरवा ड्रेस घातला, मागून पिना लावून घट्ट केला. गळ्यात तिच्या आईचा हिरवा दगड. मी म्हटलं, चष्मा काढ. म्हणाली, काढला तर तू दिसत नाहीस मला.
मग राहू दिला. जवळ गेलो, अगदी गुडघ्याला गुडघा. ती माझ्याकडे बघून हसली. लग्नानंतर सुरुवातीला हसायची तशी. मला कविता म्हणावीशी वाटली, पण एकही आठवली नाही. चौतीस, पस्तीस, छत्तीस. रोल संपला.
हुहाना म्हणाली, झालं बाई एकदाचं. रोल ऑकलंडला पाठवला, धुऊन यायला तीन आठवडे. रोइमाता म्हणाली, आणखी एक रोल घाल पपा, हा बिघडला तर? मी म्हटलं, घाई कसली, अख्खा हिवाळा पडलाय.

३० मे
जून तोंडावर, थंडी वाढलीय, त्यामुळे हुहाना अंथरुणातच. ब्रॉनवेनचा फोन आला, दोन मंगळवार आला नाहीत. सांगितलं, प्रदर्शनाच्या तयारीत आहे.
मराएवरून गेलो तर गाद्या काढून उन्हात टाकलेल्या. हारिआता पोत्यांनी कुमरा रताळी उतरवून घेत होती. पन्नासेक माणसांची तयारी. विचारलं, कुणाचं लग्न? तिने पोतं खाली ठेवलं आणि माझ्या गालावरून हात फिरवला. हारिआताने. वय झालं तिचंही.

५ जून
हुहाना सोमवारी गेली. दुपारी, जेवणाच्या वेळेला. बाहेर ऊन होतं.
आज पुरलं. तीन दिवस ती सभाघरात होती, सगळी माणसं तिच्याभोवती गाद्यांवर झोपली. फोटोंचं पाकीट मंगळवारी आलं. पस्तिसावा सगळ्यात चांगला. खरंच चांगला. स्वतःचं म्हणून सांगत नाही. मीच तो शवपेटीच्या उशाशी नेऊन ठेवला, भिंतीवरून उतरवून तिथे मांडलेल्या तिच्या आईवडिलांच्या फोटोंच्या मध्ये.
हारिआताने चष्मा लावून निरखून पाहिला. म्हणाली, एरु, यात तू आहेस. दोनदा.
हुहानाच्या चष्म्याच्या दोन्ही काचांत एकेक म्हातारा, एक डोळा मिटलेला, कॅमेरा धरून. तिन्ही फोटोंत तसाच. त्यालाच मी चमकेचा ठिपका समजलो होतो.
हारिआता म्हणाली, हा इथे ठेवायचा असेल तर तूही आडवा हो तिच्या शेजारी, पेटी रुंद आहे. मागच्या बायका हसल्या, मग हसताहसता रडायला लागल्या. मी म्हटलं, तेवढं कापून टाकू. रोइमाता म्हणाली, काय कापणार पपा, डोळे?
फोटो तिने माझ्या हातातून घेतला. घट्ट धरला होता, म्हणे.

९ जून
पेटीपाशी दुसराच फोटो ठेवला होता. रोइमाताने आईच्या पर्समधलं ड्रायव्हिंग लायसन्स काढून गावात मोठं करून आणलं. लायसन्सच्या काउंटरवरच्या कुणीतरी दोन सेकंदांत काढलेला. उजेड सपाट, मागे पांढरी भिंत, हसू नाही, चष्मा नाही. एकटी. वर्षाने रीतीप्रमाणे थडग्याच्या दगडावरचं कापड काढतील तेव्हा हाच फोटो भिंतीवर जाईल. हारिआता म्हणाली, तुझा जपून ठेव, तू आलास की तोही लावू, मग कुणाची हरकत नाही.
ब्रॉनवेनने निरोप पाठवला, प्रदर्शनात तुमची जागा राखलीय. खारफुटीचा दिला.
दुपारी ही वही मागे चाळली. फेब्रुवारीत हॉस्पिटलचं पत्र आलं होतं. हुहाना कणीक मळत होती, म्हणून मीच तिला मोठ्याने वाचून दाखवलं. तीन ते चार महिने, असं लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी ती लायब्ररीत जाऊन माझा फॉर्म भरून आली.
त्या तारखेला मी वहीत काही लिहिलेलं नाही.